दुसरा ब्रेक

गाडी खोक्याला लागली, माणसाला नाही. एवढंच झालं, आणि दोन मिनिटांत सगळे आपापल्या कामाला लागलेही. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. रस्त्याच्या कडेला दोन बंद टेम्पो उभे होते आणि त्यांच्या फटीतून एक माणूस पुठ्ठ्याचं भलंमोठं खोकं पोटाशी धरून बाहेर आला. खोक्यामुळे त्याला आम्ही दिसत नव्हतो, आणि आम्हाला त्याचे बूट सोडून त्याचं काहीच दिसत नव्हतं. गाडी थांबली तेव्हा तिचं नाक खोक्याच्या कोपऱ्याला टेकलं आणि कोपरा आत चेपला. माणसाने वरून डोकं काढून पाहिलं, खोकं जरा हलवून पाहिलं, "उशा आहेत, काय होतंय," म्हणाला आणि पलीकडे निघून गेला. स्टीअरिंगवर दातांची डॉक्टर होती. तिची ही अकरावी शिकवणी. शेजारच्या सीटवर माझा नवरा, ज्याच्या पायाशी शिकवणाऱ्याचा दुसरा ब्रेक असतो. मागे मी, मांडीवर डबा आणि पिशवी घेऊन. नवाची शिकवणी कुणाचीही असो, ती मला ऑफिसात सोडते ही आमच्या घरची पंचवीस वर्षांची पद्धत. त्यामुळे या शहरात गाडी चालवू शकणाऱ्या शेकडो माणसांना आमचं शब्दकोशाचं ऑफिस डोळे मिटून सापडेल, आत काय चालतं ते मात्र कुणालाच सांगता यायचं नाही. "आ करा म्हणणारी मी," डॉक्टर म्हणाली, "आणि आज माझाच वासलेला मिटेना." माझा नवरा हसला. "मिटेल. फर्स्ट टाका. आरशात बघा. सावकाश." त्याच्या आवाजात काही बदल नव्हता. मी त्याच्या मानेकडे बघत होते. केस कापल्यामुळे तिथे एक पांढरी रेघ उघडी पडली होती.

माझा उजवा पाय चटईवर दाबलेला होता. तो दाबलेला आहे हे मला गाडी पुन्हा चालू लागल्यावर कळलं. जिथे ब्रेक नाही तिथे ब्रेक मारायची खोड मला मागे बसून बसून लागलेली आहे, आणि तिच्याबद्दल घरात पुरेसे विनोदही होऊन गेले आहेत. पण आजवर असं व्हायचं की माझा पाय हलायच्या आतच गाडी मंद व्हायला लागलेली असायची. पाय उशिरा पोचायचा आणि ओशाळायचा. आज तो आधी पोचला. मग काहीच नाही. मग धक्का. मधलं जे काहीच नाही, ते मला नेमकं माहीत होतं, हीच अडचण होती. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी चौदा वर्षं प्रात्यक्षिकं घेतली. पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या लंबकाचा एक झोका, इकडून तिकडे, अर्ध्या सेकंदाचा असतो. तो मी इतक्या वर्गांबरोबर इतक्या वेळा मोजला की तो अंगातच राहिला. दूध ओतताना असतो, जिना उतरताना असतो. टेम्पोच्या फटीपाशी तो एकदा इकडून तिकडे गेला. माझा पाय आणि नवऱ्याचा पाय यांच्यामध्ये अर्धा सेकंद. डॉक्टर ताशी पंचवीसने चालवत होती. म्हणजे साडेतीन मीटर. म्हणजे आमचं स्वयंपाकघर, ओट्यापासून दारापर्यंत.

कोशाचं ऑफिस सायकलच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आहे. खालून दिवसभर चाकं फिरवून बघितल्याचा आवाज येतो, आणि प्रत्येक चाक हळूहळू थांबत गेल्याचा. इंग्रजी शब्दाला मराठी शब्द द्यायचे हे आमचं काम. कॉलेज बंद झालं तेव्हा मी इथे विज्ञानाच्या शब्दांसाठी आले. नंतर एस अक्षराचे गृहस्थ निवृत्त झाले आणि त्यांचे ड्रॉवर माझ्याकडे आले. आमच्याकडे एक नियम आहे, संपादकबाईंचा, आणि तो मोडायची हिंमत कुणाची नाही. मराठी उदाहरण रचायचं नाही. ते कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं असलं पाहिजे, आणि कार्डाच्या मागे कुणी म्हटलं, कुठे म्हटलं आणि तारीख लिहिली पाहिजे. त्यामुळे आम्ही सगळे लग्नकार्यात, दवाखान्यात, रांगेत कान टवकारून उभे असतो आणि आमचे नातेवाईक आमच्यासमोर जपून बोलतात. गेल्या आठवड्यात मी 'स्लो' संपवला होता. आज पुढचं कार्ड 'स्लो डाउन'चं, ते काल संध्याकाळीच काढून पेपरवेटखाली ठेवलेलं. पहिला अर्थ सोपा होता: चालत्या वस्तूचा वेग कमी होणे. दुसरा: दुसऱ्याचा वेग कमी करणे, त्याला मंद करणे. चौथा धंद्यापाण्याचा, मंदी येणे, त्याला वाण्याचं वाक्य मिळालेलं होतं. तिसरा अर्थ रिकामा होता. माणसाने आपल्या जगण्याची, कामाची धावपळ आपण होऊन कमी करणे. तिथे मी पेन्सिलीने 'मंदावणे' लिहिलं होतं आणि संपादकबाईंनी त्यावर फुली मारली होती.

"माणूस मंदावला असं कुणी म्हणतं का गं?" त्या माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि टेबलाला टेकत नाहीत. "दिवा मंदावतो. भूक मंदावते. माणूस आपल्याकडे थकतो. 'थकले हो आता ते,' म्हणतो आपण."

"थकणं आपण होऊन होत नाही, बाई. इथे माणूस ठरवून करतोय."

"मग दमाने घेणे लिही."

"ते एका वेळचं झालं. जिना चढताना दमाने घेतो. हे कायमचं आहे."

समोरच्या टेबलावरून मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी मान वर केली. त्यांना आम्ही मागून अर्धविराम म्हणतो, कारण वाक्याच्या मध्यावर ते थांबतात आणि आपण पुढे जायचं की थांबायचं ते कळत नाही. "मला वाटतं," ते म्हणाले, "आपल्यात ठरवून कुणी," आणि एका कागदाची घडी उलगडून पाहिली, "करतच नसेल."

"म्हणून शब्द नाही?" संपादकबाई म्हणाल्या. "छान. म्हणजे आता कोश बंद करून शेती करू." आणि मला म्हणाल्या, "ऐक कुठेतरी. मिळेल." जाता जाता माझ्याकडे पुन्हा पाहिलं. "बरं नाहीये का?"

"नाही, बरी आहे."

कार्डाकडे बघत मी बराच वेळ बसले. प्रयोगशाळेत मुलांना मी शिकवायचे की वेग वाढणं आणि वेग कमी होणं या निसर्गाच्या लेखी दोन गोष्टी नाहीत. बल एका बाजूने लागलं की वाढतो, उलट बाजूने लागलं की घटतो. सूत्र तेच, फक्त मागे एक वजाचं चिन्ह. मुलांना ते आवडायचं, कारण एक सूत्र कमी पाठ करावं लागायचं. मलाही आवडायचं. पण ते चिन्ह कोण लावतं, हे सूत्र सांगत नाही. आणि मला दुसऱ्या अर्थाची भीती वाटत होती, दुसऱ्याला मंद करणे. आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिसऱ्या मजल्यापर्यंत भाजीची पिशवी घेऊन बोलत बोलत चढायची. एकदा जिन्यात तिचा पाय घसरला, पडली नाही, कठडा धरला. त्या दिवसापासून आम्ही सगळे तिच्या मागून म्हणू लागलो, आई हळू, आजी हळू. पिशवी आधी मी घेतली. मग लेकीने कपडे वाळत घालायचं काढून घेतलं. मग तिच्या हातातून चहाचं भांडंसुद्धा, "राहू दे आई, मी करते." वर्षभरात ती हळू झाली. आमच्या बोलण्यात ती जितकी हळू होती तितकी झाली. डॉक्टरांनी वय म्हटलं. मी त्या वर्षाची नोंद ठेवलेली नव्हती, त्यामुळे आधी काय झालं आणि मागून काय, ते मला सिद्ध करता येणार नाही. पण एकदा खिडकीपाशी बसून ती आपल्या हातांकडे बघत होती आणि म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी माझं इतकं केलंत की मला काही येईनासं झालं." ती चिडून म्हणाली नव्हती. ते वाक्य तारखेसकट माझ्याकडे आहे. कार्डावर मात्र मी ते कधी लिहिलेलं नाही.

नवऱ्याला सांगायचं म्हणजे तेच झालं असतं. तुझा पाय अर्धा सेकंद उशिरा पोचला, हे वाक्य एकदा घरात आलं की ते त्याच्या शेजारी बसणार, प्रत्येक वळणावर बोलणार. आणि नाही सांगायचं म्हणजे उद्या नऊ वाजता पुन्हा डॉक्टर, दहाला एक बेकरीवाले, अकराला कुणीतरी, आणि प्रत्येकाच्या पुढे रस्त्यावर खोकी घेतलेली, न घेतलेली माणसं. सगळ्याच खोक्यांत उशा नसतात. शिकणारा चुकणारच, त्यासाठीच तर दुसरा ब्रेक असतो. दुसऱ्या ब्रेकच्या मागे मात्र तिसरा ब्रेक नसतो. मागच्या सीटवर मी असते आणि माझ्या पायाखाली चटई.

दुपारी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते आणि जेवणाच्या सुट्टीत, तोंडात घास असताना फोन करते. "बाबा फोन उचलत नाहीयेत."

"शिकवणीवर असेल."

"दुपारीपण? आई, एकसष्ट झाली त्यांना. सांग ना जरा, आता स्लो डाउन करा म्हणावं."

"मराठीत सांग."

"म्हणजे?"

"म्हणजे हेच मराठीत कसं म्हणशील?"

ती घास गिळेपर्यंत थांबली. "आई, तुझ्या कार्डासाठी मी बोलणार नाही. मी खरंच सांगतेय. गेल्या महिन्यात आले होते ना इकडे, मी त्यांच्याबरोबर चालत होते. रस्ता ओलांडताना ते उगीच थांबले. गाडी नव्हती, काही नव्हतं. मी म्हटलं काय झालं, तर म्हणाले बघतोय."

"काय बघत होता?"

"तेच तर. काहीच नव्हतं ना."

"तू सांग की त्याला."

"मी सांगितलं की हसतात आणि माझ्या ईएमआयची चौकशी करतात. तुझं ऐकतात ते."

फोन ठेवल्यावर मला पट्टी आठवली, किंवा सकाळपासून ती आठवत होतीच आणि मी तिच्याकडे बघत नव्हते. लाकडी, तीस सेंटिमीटरची, कडेला पितळेची बारीक तार बसवलेली. नव्या वर्गाचं पहिलं प्रात्यक्षिक मी त्या पट्टीने घ्यायचे. मी पट्टी वरून उभी धरायची. मुलाने अंगठा आणि बोट शून्याच्या खुणेशी उघडं ठेवायचं, न टेकवता. मी न सांगता सोडायची, त्याने पकडायची. जिथे बोट मिटलं तो आकडा वाचायचा. पट्टी किती पडली यावरून किती वेळ गेला ते काढता येतं, म्हणजे डोळ्याने पाहिल्यापासून बोट मिटेपर्यंतचा वेळ. वीस सेंटिमीटर म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. साधारण माणूस तिथेच असतो. वर्गातला क्रिकेट खेळणारा मुलगासुद्धा सोळाच्या आत आला नव्हता. अशाच एका दिवशी उपकरणं पुरवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर खोकी उतरवून पावतीवर माझ्या सहीसाठी दाराशी उभा होता. मी त्याला अर्धा तास उभं ठेवलं. शेवटी तो म्हणाला, "सही होईपर्यंत मलाही शिकवा की." मुलं हसली. त्याने बोटं धरली, मी पट्टी सोडली, आणि त्याने ती अकरावर पकडली. मी म्हटलं, पुन्हा. बारा. पुन्हा. अकरा. सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातले पंधरा. मी पट्टीच्या मागच्या बाजूला अकरावर पेन्सिलीने रेघ मारली आणि तारीख घातली. शास्त्र शिकलेल्या माणसाने असा आकडा बघितल्यावर संशय घ्यायला हवा. मी लग्न केलं. सासूबाईंना माझं अरे-तुरे आवडायचं नाही आणि माझ्या आईला त्याची नोकरी. तेव्हा मी दोघींनाही मनातल्या मनात अकरा हा आकडा दाखवायचे. पुढे त्याने गाड्या शिकवायचं काढलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. ज्याच्या बोटांना शंभरातले पंधराच भाग लागतात त्याच्या पायावर जग विसंबून राहू शकतं, असं मी धरून चालले. पंचवीस वर्षं मागच्या सीटवर बसून त्यावर विसंबून राहिलेही.

संध्याकाळी मी बसने घरी आले. स्वयंपाकघर ओट्यापासून दारापर्यंत पावलांनी मोजलं. ते साडेतीन मीटरला चार बोटं कमी होतं. मग ड्रॉवर उपसला. पट्टी टेबलक्लॉथच्या खाली होती. रेघ पुसट झाली होती, पण तिरकी धरली की चकाकत होती. तो सहाला आला, हातपाय धुऊन स्टुलावर बसला आणि चहाचा कप घेताघेता ओट्याकडे बघितलं.

"पट्टी कशाला काढलीस?"

"ड्रॉवर आवरत होते."

"मंगळवारी?"

त्याने कप बाजूला ठेवला, शर्टाची बाही कोपरापर्यंत सारली आणि अंगठा आणि बोट पुढे केलं. "टाक."

खिडकीतून अजून चांगला उजेड होता. मी पट्टी धरली. शून्य त्याच्या बोटांच्या मध्ये आणलं. मी ठरवलं होतं की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, कारण आकडा काय येणार ते मला माहीत होतं असं मला वाटत होतं. मी पट्टी सोडली. ती त्याच्या बोटांतून सरळ खाली गेली आणि फरशीवर वाजली. "हा सराव," तो म्हणाला. दुसऱ्यांदाही ती फरशीवर गेली. तिसऱ्यांदा अठ्ठावीस. मग पंचवीस. मग सव्वीस. मी मनात भागाकार करत होते आणि तो करणं थांबवता येत नव्हतं. तो मात्र आकड्याकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता, डोळे बारीक करून, इंजिनाचा आवाज ऐकताना बघतो तसा.

"तू आज नीट टाकत नाहीयेस."

"पट्टी आपली आपण पडते. मी नुसती सोडते."

"तेच म्हणतोय. सोडत नाहीयेस. तोंड बघ, सिमेंट लिंपल्यासारखं."

"तोंडाचा काय संबंध?"

तो म्हणाला, "सोडायच्या आधी तू खालचा ओठ आत घेतेस. म्हणजे घ्यायचीस. त्या दिवशी पण, सगळ्या पोरांसमोर. पट्टीकडे कोण बघत होतं? मी ओठाकडे बघत होतो. ओठ आत गेला की बोटं मिटायची. सोपं होतं एकदम."

मी ओट्याला टेकले. "म्हणजे अकरा..."

"अकरा तुझे. माझे आपले हेच, पंचवीस-सव्वीस. तेव्हा वीस असतील."

"बत्तीस वर्षं सांगितलं नाहीस."

"तू इतक्या कौतुकानं रेघ मारलीस. खोडरबर कुठून आणू?"

मला हसू आलं, आणि हसतानाच मी प्रयोगाकडे पुन्हा बघत होते, तीस मुलं, मी, हातातली पट्टी, आणि प्रयोगातली चूक माझ्या स्वतःच्या तोंडावर. तो सांगत गेला. झटपट तो कधीच नव्हता. रस्त्याकडे सगळेच बघतात. तो शिकणाऱ्याकडे बघतो, गुडघ्याकडे, खांद्याकडे. माणूस घाबरला हे त्याला स्वतःला कळायच्या आधी त्याचा खांदा वर जातो. खांदा वर गेला की याचा पाय ब्रेकवर. "मी चपळ नाही गं. मी आधी असतो, एवढंच." म्हणजे तो मंदावला असं म्हणायला माझ्याकडे आता काहीच आधार उरला नव्हता. सव्वीस हा एकसष्टाव्या वर्षी साधा आकडा आहे. माझ्या चेहऱ्यामुळे तो तसा आला आणि माझ्या चेहऱ्यामुळेच पूर्वी अकरा आला होता. मला तिथे थांबता आलं असतं. चहा गरम करून प्यायलो असतो, सकाळी नऊला डॉक्टर आली असती. पण पट्टीने काही सिद्ध केलं नाही म्हणून सकाळ पुसली जात नव्हती. लंबक एकदा इकडून तिकडे गेला होता.

"आज सकाळी," मी म्हटलं, "माझा पाय आधी दाबला गेला. तुझ्या आधी."

"किती आधी?"

"तसं काही मोजलं नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की माझा खालचा ओठ आत गेलेला आहे.

"अर्धा सेकंद," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. त्याला नवीन काही सांगितलं असं वाटलं नाही. फरशीवरची पट्टी त्याने उचलली आणि तिच्या तारेवरून अंगठा फिरवत बसला. "तिचा खांदा वर गेला होता," तो म्हणाला. "मला दिसला. नाही दिसला असं नाही. दिसला, आणि मी बघत राहिलो. दुसऱ्याच्या गाडीत काही चाललंय आणि आपण खिडकीतून बघतोय, तसं." थोड्या वेळाने म्हणाला, "ही तिसरी वेळ. आधीच्या दोन वेळेला समोर कुणी नव्हतं."

नळ थेंबथेंब गळत होता. मी तो बंद केला. मला वाटलं होतं की हे वाक्य घरात आणणारी मी असेन, आणि ते केव्हापासूनच इथे राहत होतं, त्याच्याबरोबर ये-जा करत होतं, जेवायला बसत होतं. लेकीने पाहिलं होतं, रस्ता ओलांडताना. बघतोय, म्हणाला होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. पोरांना मी काय शिकवतो? सिग्नल तोंडावर आल्यावर ब्रेक शोधायचा नसतो. लांबून लाल दिसला की एकेक गिअर उतरवत यायचं. मग थांबताना मागच्या माणसाच्या पोटातलं पाणी हलत नाही." त्याने पट्टी ओट्यावर ठेवली. "आता एकेक गिअर उतरवतो. नवीन कुणाला घ्यायचं नाही. आहेत त्यांना ताईकडे देतो." ताई म्हणजे त्याच्याच हाताखाली शिकलेली, आता स्वतःची शाळा काढलेली. "डॉक्टरीणबाईंना दुपारीच सांगितलं. उद्यापासून ताई."

"दुपारीच?"

"तुला विचारून सांगायचं तर तू आधी मोजत बसली असतीस."

"आणि दाखवायचं कुणाला तरी."

"डोळ्यांचा, मेंदूचा, तू म्हणशील त्याला. दातांचं तर घरचंच झालंय." तो उठला आणि स्वतःचा चहा स्वतः गरम करायला ठेवला. भांड्याकडे माझा हात गेला होता. मी तो मागे घेतला. गॅस दुसऱ्या प्रयत्नात पेटला. त्याने भांडं धरून ठेवलं, उकळी येईपर्यंत, आणि गाळताना एक थेंबही बाहेर पडला नाही. मी तेही बघितलं, आणि बघितल्याबद्दल मला स्वतःचाच राग आला. "आणि तुला सोडायचं काय?" तो पाठमोरा म्हणाला. "डॉक्टर काय म्हणतो ते कळेपर्यंत एकटा चालवत नाही. तू पुढे बस. नको म्हणाला की किल्ली ताईकडे."

तिसऱ्या अर्थाचं वाक्य मला मिळालं होतं: आता एकेक गिअर उतरवतो. कुणी म्हटलं: गाडी शिकवणारा. कुठे: स्वयंपाकघर. संपादकबाई फुली मारणार नाहीत याची मला खात्री होती, आणि अर्धविराम काकांचं म्हणणं चुकलं होतं. पण त्या संध्याकाळी मी ते लिहून ठेवलं नाही. ते विसरण्याची मला भीती नव्हती.

सकाळी नऊ वाजता मी पहिल्यांदाच पुढच्या दाराशी गेले. शिकवणाऱ्याच्या सीटवर त्याच्या अंगाचा खळगा पडलेला होता, त्यात मी बसले आणि जरा बुडालेच. खाली, सावलीत, दुसरा ब्रेक. त्याचं रबर एका बाजूने इतकं झिजलं होतं की आतलं लोखंड दिसत होतं. "दोन्ही पेडल सळईने जोडलेली आहेत," तो म्हणाला. "मी दाबलं की तुझ्याकडचंही खाली जातं. पाय वर नुसता ठेव. लागलं तर दाब. माझ्याकडे बघून विचारत बसू नकोस." त्याने आरसा लावला, ज्याने पंचवीस वर्षं आरसे लावायला लावले त्याने, आणि पट्टा दोनदा ओढून बघितला. आम्ही निघालो. वीसच्या वर तो गेला नाही. माझ्या मांडीवर पाण्याची बाटली होती. गाडीचा वेग बदलला की तिच्यातलं पाणी एका बाजूला चढतं. किती चढतं यावरून किती बदलला ते काढता येतं. मी बाटली पिशवीत आडवी घातली.

बेकरी गेली, पेट्रोल पंप गेला. समोर टेम्पो दिसले, तेच दोन, कालच्याच जागी, मधली फट तेवढीच. अजून बरंच अंतर होतं. फटीत कुणी नव्हतं. मी त्याच्या खांद्याकडे बघणार होते, पण बघितलं नाही. फटीकडे बघत राहिले आणि आता दाबावं का असा विचार माझ्या पायात यायला लागला. तो पुरता यायच्या आत माझ्या तळव्याखालचं पेडल हललं. आपोआप, हळू, एक बोटभर. मग आणखी जरासं. इंजिनाचा आवाज बदलला, गिअर उतरला, आणि गाडी माणसाच्या चालीने टेम्पोंच्या कडेने जाऊ लागली. फटीतून पलीकडची भिंत दिसली, तिच्यापाशी एक उपडी बादली, वर उन्हाचा पट्टा. काही बाहेर आलं नाही.

"झालं?" त्याने विचारलं, समोर बघत.

"झालं," मी म्हटलं.

त्याने पाय सैल केला. पेडल वर आलं, आणि येताना त्याने माझाही पाय वर उचलला.